आत्याकडचा फोन

चौथा फोनबी तापला आन् बंद पडला. दिग्विजयनं तो टेबलावर ठिवला आन् तासगावच्या त्या बेदाणा शेडातल्या खोलीत व्यायला झालेल्या म्हशीवाणी येरझाऱ्या घालाय लागला.

उद्या धा वाजता त्यांच्या नव्या फोनचं पान इंटरनेटवर उघडणार हुतं. कुणीबी मागनं खोलावा, नकाशा बघून कुणीबी दुरुस्त करावा, आसा हा फोन. लोकांनी आधी पैसं भरायचं, त्यातनं फोन बनवायचं. दोन वर्सं दिग्विजय आन् त्याच्या जोडीची संयोगिता दुसऱ्या कशाकडं बघत नव्हती.

संयोगिता सरळच बोलली, "उद्याचं थांबवू. बंद पडणारी वस्तू लोकांच्या गळ्यात मारायची न्हाई."

"मग आत्याकडचा कसा चालतोय?"

सगळ्यात आधी जोडलेला फोन दिग्विजयनं आटपाडीकडं हरणाबाई आत्याला एसटीनं धाडला हुता. आत्या मेंढरांमागं रानोमाळ फिरणारी. तिच्या हातात टिकला तर कुणाच्याबी हातात टिकंल. शेजारची राणी जुन्या फोनातलं सिम त्यात घालून देणार हुती. तवापासनं चाळीस दिवस तो रोज आत्याला फोन लावायचा. आवाज खणखणीत यायचा. तापतोय का इचारलं, तर आत्या म्हणायची दगडावाणी गार हाय. पडला-झडला का? ओरखडाबी न्हाई. बॅटरी? तिची काय तक्रार न्हाई बाबा.

त्या भरवशावर दिग्विजयनं पानावर ठळक लिवलं हुतं: माळावर चाळीस दिवस, एकदाबी न थांबता.

आराखडा बराबर हाय, म्हंजी आपलं जोडकाम चुकतंय, आसं त्याचं म्हणणं. संयोगिता म्हणाली, मग तो फोन आण, खोलून ताडून बघू. दिवस मावळायच्या आत न्हाई आला, तर उद्याचं रद्द.

त्यानं निघतानाच आत्याला कळवलं. ती म्हणाली ये की, पण ती वस्तू न्यायची म्हणू नगंस. दिग्विजयला तेवढ्यातबी बरं वाटलं. म्हातारीचा जीव जडलाय म्हणायचा. गाडी पळत हुती आन् त्याला वाटत हुतं, जाग्यावरच हाय.

आत्या दारातच हुती. भाकरी खा म्हणाली, च्या टाकते म्हणाली, राणीला बाळ झाल्याचं सांगाय लागली. दिग्विजय काय बसंना.

"आत्या, फोन दे. तासगावला नेऊन बघतो आन् परत आणून देतो."

"आरं, आलाईस तर पाणी तरी पी."

"उद्या माजी अब्रू हाय, आत्या. चार बंद पडल्यात. तुजा तेवढा एकच चालतोय."

आत्या त्याच्याकडं बघतच ऱ्हायली. मग उठली, हातपाय धुतलं, डोईवर पदर घेतला आन् आत गेली. दिग्विजय मागोमाग.

देव्हाऱ्यात बिरोबाच्या चांदीच्या टाकाखाली भंडाऱ्याचा ढीग हुता. आत्यानं आधी कपाळ टेकवलं, मग ढिगातनं दोन्ही हातांनी फोन उचलला. काचंवरचा पातळ कागद तसाच. बॅटरीवरची, चालू करायच्या आधी वढून काढायची पट्टीबी तशीच.

"आपल्यात पयलं कोकरू बिरोबाचं आसतंय, दिग्या. तुजा पयला फोन मी कसा वापरू? आला तवाच हितं ठिवला. बोलायला माजा जुना हायच की."