आत्ताचं ऊन

"ऊन आलं," कपाटावरचा स्पीकर म्हणाला.

सासूबाईंचा हात खिडकीच्या कट्ट्यावर उपडा पडला होता. त्यांनी तो उचलला, बोटं एकमेकांवर चोळली.

"येऊन गेलंसुद्धा," त्या म्हणाल्या. "आता सावली आहे."

जावयानं बाहेर पाहिलं. खरंच, एक मोठा ढग समोरच्या इमारतींवरून सरकत होता आणि रस्ता निळसर झाला होता. त्यानं मोबाइल उघडला. मोबाइलमध्ये अजून लख्ख ऊन होतं.

ही करामत त्याचीच होती. सासूबाईंची नजर हळूहळू गेली, तशी लेक त्यांना आपल्याकडे घेऊन आली. दिवसभर खिडकीशी बसून त्या एवढंच विचारायच्या, ऊन आहे का? घरात कोणी नसलं तर सांगणार कोण? म्हणून त्यानं ते काम घरातले दिवे-पंखे सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे सोपवलं. गच्चीवर सोलर पॅनेल होते, जिन्यात त्यांचा इन्व्हर्टर. ऊन किती पडतंय ते इन्व्हर्टरला कळायचंच. स्पीकरनं फक्त ते बोलून दाखवायचं.

"मग उशीर का होतो हो?" सासूबाईंनी विचारलं.

"इन्व्हर्टर आधी कंपनीला कळवतो," तो म्हणाला. "कंपनीचं मशीन कुठल्यातरी लांबच्या देशात आहे. तिथून मग आपल्याला कळतं."

"म्हणजे जिन्यातली गोष्ट परदेश फिरून या खोलीत येते."

"हो. थोडा वेळ जातो त्यात."

सासूबाई जराशा हसल्या. "राहू द्या, जावईबापू. माझं सगळंच तसं झालंय. काहीतरी फुटतं, तुम्ही सगळे धावता, आणि मग कोणीतरी येऊन सांगतं, काही नाही आई, कप होता. दारात कोण आलं होतं ते माणूस गेल्यावर कळतं. माझ्यापर्यंत सगळं शिळं होऊनच पोचतं." मग थांबून म्हणाल्या, "मला माझ्या घरी सोडा. तिथल्या भिंती तरी हाताला ओळखीच्या आहेत."

जावई उठला आणि त्यानं माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली.

"काय करताय?"

"ते परदेशाचं राहू दे," तो म्हणाला. "जिन्यातून सरळ इथे वायर ओढतो."

आणि मग तो बोलत राहिला, एरवी महिनाभरात बोलला नसता इतकं. आता स्टूल ठेवतोय. आता भिंतीला भोक पाडतोय, आवाज होईल. आता इन्व्हर्टरच्या खालचं झाकण काढलं. सासूबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या आणि ऐकत राहिल्या.

"आई, वायर आत सोडतोय," तो जिन्यातून म्हणाला. "जरा धराल?"

त्या भिंतीवर हात फिरवत गेल्या. भोकाच्या तोंडाशी बारीक माती भुरभुरत होती. मग बोटाला काहीतरी टोचलं.

"आली," त्या म्हणाल्या. "सोडा अजून. मी ओढते."

पहिल्यांदा काही झालं नाही. त्यानं दोन तारा उलट लावल्या होत्या. त्यांची अदलाबदल करून तो जमिनीवरच मांडी घालून बसला, लॅपटॉपवर बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिला. शेवटी म्हणाला, "शब्द काढून टाकले. तेवढाही उशीर नको. नुसता सूर ठेवलाय. ऊन वाढलं की चढेल, कमी झालं की उतरेल."

खोलीत एक मऊ, लांब सूर सुरू झाला. आधी तो खालीच रेंगाळला. मग, कोणी पडदा बाजूला सारावा तसा, वर वर जाऊ लागला, आणि त्याच क्षणी सासूबाईंच्या हातावर ऊब आली. हात आणि सूर बरोबर होते.

दुपार तशीच पसरत गेली. सूर चढत होता, उतरत होता. जावयानं भिंतीला पाठ टेकली होती. त्याचे डोळे कधी मिटले ते त्यालाही कळलं नाही.

"आता एक मोठा येतोय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "त्याच्या कडा विरलेल्या आहेत. मधे भोकं आहेत, त्यातून ऊन सांडतंय."

त्यानं डोळे उघडले नाहीत. त्यालाही तो ढग दिसत होता.

एवढ्यात सूर एकदम कोसळला. पुन्हा वर आला, पुन्हा कोसळला, मग थरथरत राहिला. जावई दचकून उठला. वायर निघाली असणार म्हणून तो जिन्याकडे निघाला.

"थांबा," सासूबाईंनी हात वर केला.

त्यांनी चेहरा छताकडे केला. सूर इकडून तिकडे हलत होता आणि त्याच्याबरोबर त्यांचा चेहराही, जणू छतापलीकडे कोणीतरी चालत होतं आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग एक फडफड झाली, सूर खाली बसला आणि तिथेच राहिला.

थोड्या वेळानं लेक रिकामी बादली घेऊन गच्चीवरून खाली आली आणि दारात थबकली. आई तिच्याकडेच तोंड करून बसली होती.

"झटकून घातलीस ते बरं केलंस," आई म्हणाली. "पण ती दोरी पलीकडच्या कठड्याला बांधू आपण. आत्ता आहे तिथं चादरीनं पॅनेलवरचं ऊन अडतं."

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी काहीच सांगितलं नाही," तो म्हणाला.