शिस्तीच्या माश्या

पडद्यावरच्या बागेत या वेळीही एकही फळ धरलं नाही. वहिनीने लॅपटॉप मागे सारला आणि कपाळाला हात लावला. बाहेर तिचा नवरा ट्रॅक्टरला नांगर जोडून तयार होता. सफरचंदांच्या दोन रांगांमधला रानफुलांचा पट्टा त्याला आज मोडायचा होता. तिथे आणखी एक रांग बसत होती. "पट्ट्याने फायदा होतो हे दाखव, लगेच नांगर सोडतो," असं तो म्हणाला होता. आणि हिने लिहिलेल्या बागेच्या प्रोग्रॅममध्ये पट्टा ठेवा नाहीतर काढा, झाडं आपली रिकामीच.

"मधमाश्या फिरतात ना नीट?" शेजारी बसलेल्या नणंदेने विचारलं.

"नीट म्हणजे काय, एक फेरी वाया घालवत नाहीत. जवळचं फूल, मग त्याच्या शेजारचं, की थेट पोळ्यात."

नणंद वाकून बघू लागली. एका रांगेत लाल जात, दुसरीत हिरवी. एकीचा पराग दुसरीला लागल्याशिवाय फळ धरत नाही. माश्या मात्र आपापली रांग सोडायला तयार नव्हत्या.

"वहिनी, या अगदी तुझ्यावर गेल्यात गं. मीठ आणायला गेलीस की मीठच घेऊन येतेस."

"मग काय आणायचं?"

"मी गेले की चार घरच्या बातम्या आणते. मीठ राहतं, ते सोड."

वहिनी हसली आणि हसता हसता थांबली. सुरुवातीला तिच्याही माश्या भरकटत होत्या. ती चूक समजून तिनेच ती खपून दुरुस्त केली होती.

तिने ती दुरुस्ती पुसली. आता माश्या अर्धं फूल टाकून उठू लागल्या, वाट चुकू लागल्या, भलत्याच रांगेत शिरू लागल्या. हळूहळू फांद्यांवर फळांचे ठिपके धरले. तिने पट्टा काढून पाहिला. बहर सरल्यावर माश्यांना खायला काही उरलं नाही आणि पुढच्या वर्षी पोळं ओस पडलं. पट्टा परत ठेवला, तशी झाडं लगडली. वहिनीला इतका आनंद झाला की तिने नणंदेला मिठीच मारली.

नवरा हात पुसत आत आला. त्याने पट्ट्याची आणि बिनपट्ट्याची, दोन्ही बागा पुन्हा चालवायला लावल्या.

"मुद्दाम शिकवलंस ना यांना?"

"नाही रे. मी शिकवलेलं तेवढं काढून घेतलं."

तो बाहेर गेला. ट्रॅक्टर सुरू झाला. दोघींचे चेहरे उतरले. नांगर सोडायलाही ट्रॅक्टर आधी जागेवर न्यावा लागतो, हे त्या क्षणी एकीलाही सुचलं नाही. धाडकन लोखंड जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं.

तो परत आला, एक खोकं ओढून बायकोशेजारी बसला आणि पडद्याकडे बोट करत म्हणाला,

"हा पट्टा अजून थोडा रुंद करून बघ बरं."