मोहाखालचा काळा गोल

चंद्रपूरच्या चित्रप्रदर्शनाचं परीक्षण वाचून माझी नात प्रेमिला हिरव्या रंगाची नळी घेऊन सभागृहात शिरली. तिच्या चित्रातल्या मोहाच्या झाडाखालचा काळा गोल म्हणजे मरणाची सावली, असं पेपरात छापलं होतं. “आजी, झाकूनच टाकू दे मले,” म्हणत तिनं झाकण काढलं. परीक्षण लिहिणारे गृहस्थ तिथंच होते. मी म्हटलं, “भाऊ, मरण नाई हे. मोहाखालचा पाला आमी जाळतो, म्हणजे काळ्या भुईवर गळलेली फुलं वेचाले दिसतेत.” लहानपणी आईसोबत मीही असे गोल केले होते, घरी येताना पाय राखेनं माखलेले असायचे. ते गृहस्थ चित्राजवळ वाकले. “पण आजी, एकही फूल नाही.” प्रेमिलानं माझ्याकडे पाहिलं. मी चित्रातल्या मावळतीच्या आभाळाकडे बोट दाखवलं. “सांज तं आत्ता झाली, भाऊ. मोह पहाटे गळते. टोपली घेऊन या.” प्रेमिलानं नळीचं झाकण लावलं.