थंड हवेचा पाईप

आंबोलीचा घाट चढताना जुनी गाडी नेहमी दमायची. आज ती तिसऱ्या गिअरमध्ये सरसर वर आली आणि सुहासिनीबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "आली बघा!"

बाजूची सीट रिकामी होती. नवरा गेल्यापासून ती तशीच असायची.

इंजिनाचा जोर वाढवायला महिनाभर त्या बॉनेटखाली वाकून होत्या. हवेचा नवा फिल्टर बसवला, थंड हवा ओढायला पुढच्या जाळीपर्यंत पाईप नेला, इंजिनाची गरम हवा शिरू नये म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडोसा केला. बहिणीला कौतुकानं सांगायला फोन केला, तर "हात कापून घेशील," म्हणून तिनं विषयच बदलला.

घाटमाथ्यावर त्यांनी गाडी थांबवली, तसा एक जीपवाला जवळ आला. "काकी, आवाज मस्त येतो गाडीचा. कुठल्या गॅरेजात केलंत?"

"मीच केलं, घरी."

"काय सांगताय! दाखवा बघू."

त्यांनी बॉनेट उघडलं. तो वाकून विचारत राहिला आणि त्या भरभरून सांगत राहिल्या. मग त्याच्या प्रवाशांनी हाका मारल्या. "येतो काकी," म्हणून तो गेला.

इंजिन केव्हाच गार झालं, तरी बाईंनी बॉनेट लावलं नाही. घाटातून वर येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे त्या बघत उभ्या राहिल्या.