आईची दुपारची झोप

विद्यापीठातल्या झोपेवरच्या संशोधनाला सरकारी अनुदान होतं. तरुण शास्त्रज्ञांच्या स्पर्धेसाठी तिथं शिकणाऱ्या लेकीला आज स्वप्नाची शेवटची नोंद हवी होती. ऐनवेळी कुणी मिळेना, म्हणून तिनं आईलाच आणलं. "नुसतं झोपायचं? आणि त्याला सरकार पैसे देतं?" आईनं विचारलं. डोक्याला तारा चिकटवून होईपर्यंत तिचा डोळा लागलासुद्धा. काचेपलीकडे लेक पडद्यावरच्या लाटा बघत बसली. लाटा संथ झाल्या, मग मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरू लागली. स्वप्न सुरू झालं होतं. आई गालातल्या गालात हसली, एखाद्या शाळकरी पोरीसारखी. "आत्ताच उठव आणि काय दिसलं ते विचार," मार्गदर्शक सर म्हणाले. "स्वप्न ओसरलं की नोंद गेली आणि स्पर्धाही." लेकीनं घंटीवर ठेवलेलं बोट अलगद उचललं. "जाऊ द्या, सर." ऊन कलल्यावर आई आपणहून जागी झाली. "अगं," ती नवलानं म्हणाली, "आज मला कुणीच उठवलं नाही!"