वरचा पट्टा

"मारलं कशानं?" ग्लेनिसनं विचारलं.

"माझ्याच हेल्मेटनं," मर्ल म्हणाली. तिचं मनगट टम्म सुजलं होतं. "जाऊ दे ना ताई. पंपावर बसते मी आज. एका हातानं जमेल."

ग्लेनिस गावच्या बिनपगारी अग्निशमन दलाची कॅप्टन. मागे मर्लच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा पोलिसांनी तिच्या नवऱ्याला नुसती समज देऊन सोडलं होतं. पुढच्या खेपेला हा मेला तिला मारूनच टाकणार, हे ग्लेनिसला लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात तोच आला. क्लाइव्ह. दलात सगळ्यांचे कपडे पिवळे, हेल्मेट पांढरं. ह्याला वेगळं दिसायची हौस, म्हणून हेल्मेटला लाल पट्टी.

"कॅप्टनबाई, आज तरी नीट पेटवा. गेल्या खेपेला नुसता धूर."

"वरचा पट्टा तुझ्याकडे," ती म्हणाली. "सावकाश जाळ."

उन्हाळ्याआधी रान मुद्दाम जाळायची रीत ठरलेली. आधी डोंगरमाथ्याचा पट्टा जाळून काळा करायचा. वरून रेडिओवर 'काळं झालं' म्हणून निरोप आला की मगच खालून पेटवायचं. चढावर आगीला पाय फुटतात.

ग्लेनिस एकटीच ओढ्याकाठी उतरली. वर निलगिरीच्या खोडांमधून लाल पट्टी हलताना दिसत होती. माथ्यावरचं गवत अजून पिवळंच होतं. तिनं रेडिओ बंद केला. त्याचं ओरडणं तिला ऐकायचं नव्हतं.

मग तिनं तेलाची मशाल गवताला टेकवली.

गवत भडकलं. झाडांच्या पेटत्या साली उडाल्या. एक वॉलबी, छोटं कांगारू, अंगावर जाळ घेऊन झुडपातून सुटली आणि ओढ्यात कोसळली. वर लाल पट्टी पळाली, पडली, पुन्हा उठून पळाली. जाळ शेंड्यांपर्यंत चढला आणि ती दिसेनाशी झाली.

ग्लेनिसच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. सुटली बिचारी मर्ल, तिला वाटलं.

मागून पाण्याचा पाइप ओढत कुणीतरी धावत आलं.

"रेडिओ का बंद तुझा? अगं, वर काळं झालं नव्हतं अजून."

क्लाइव्ह होता. डोक्यावर काही नव्हतं.

"तू वर होतास ना?"

"तिला त्या हातानं पाइप ओढवेना. म्हणून मी पंपावर बसलो, तिला वर पाठवलं." तो डोंगराकडे बघत राहिला. "तिचं हेल्मेट काल फुटलं ना, म्हणून माझं घालून गेली."