सॅकरीनची कणसं

"बाबा, हे आधी फेका." उनसिलने फळीवरची सॅकरीनची पुडी उचलली. "ही नकली साखर रोज पोटात गेली की डोक्यावर परिणाम होतो म्हणे. आणि आईला तुम्ही जन्मभर हेच खायला घातलंत."

"डॉक्टर तसं म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले, खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून काय घालतच राहायचं?"

पुडी कचऱ्यात टाकून उनसिल सोलच्या बसने निघून गेली. मागे राहिले दक्सू आणि त्याची बायको मालसुन. घरात माणसं दोन, पण भानावर एकच.

कोरियातल्या या होंगछन भागात मका उकडताना पाण्यात मिठाबरोबर चिमूटभर सॅकरीन पडतंच, त्यात कुणाला काही वाटत नाही. या घरात ते काम लग्नापासून दक्सूचं. शेजारणी हसायच्या, पण मालसुनला दुसऱ्या कुणाच्या हातची कणसं चालायची नाहीत. आज त्याने साखर घातली, चांगली सढळ हाताने.

मालसुनने एक घास घेतला आणि कणीस ताटलीत ठेवून दिलं.

"काका, हे आमच्या घरचं नाही."

ती त्याला काका म्हणायला लागली त्याला वर्ष होत आलं. त्याला काही त्याची सवय होत नव्हती. दर वेळी नव्यानेच लागायचं.

तो चुलीपाशी बसून राहिला. पोरीचं खरं असेल तर हे आपल्याच हातांनी झालं, एवढा एकच विचार डोक्यात घोळत होता. पण तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि ओळखीची म्हणून तिच्याजवळ ही एक चवच उरली होती. शेवटी तो उठला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी पुडी घेऊन आला.

दुसरी कणसं उकडून झाली. ओसरीवर बसून मालसुनने पहिला दाणा चावला आणि तिचा चेहरा उजळला. तिने भराभर अर्धं कणीस संपवलं.

"कुणी उकडलीत?" दक्सूने विचारलं.

"कुणी म्हणजे? आमच्या ह्यांनी."

तो सरकून तिच्या शेजारी बसला. "मालसुन, अगं मीच तो."

तिने घाईघाईने पदर सावरावा तसा घागऱ्याचा घेर ओढून घेतला. "जरा लांब बसा, काका. आमचे हे शेतावरून येतीलच आता. काय म्हणतील?"

दक्सू ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. थोड्या वेळाने तिलाच त्याची कीव आली असावी.

"जाताना एक कणीस घेऊन जा. घरी कुणी आहे का तुमच्या?"

"आहे," तो म्हणाला. "बायको आहे."

"मग दोन न्या."